मशीन बिघडलेलं असू दे

जगातली माणसं मशीन चालावं म्हणून हात जोडतात. मी त्या शनिवारी आईच्या घरी, वॉशिंग मशीनसमोर फरशीवर बसून, नेमकं उलटं मागत होते. बिघडलेलं असू दे. काहीतरी तुटलेलं, तुंबलेलं, गंजलेलं निघू दे. देव पाण्यात घालून बसतात ना, तशी बसले होते, फक्त मला पाणी यायला नको होतं.

कारण मशीन ठीक निघालं तर सोमवारी आईला वृद्धांच्या संस्थेत न्यायचं ठरलं होतं.

हे सांगितलं की लोक माझ्याकडे बघत राहतात. मशीनचा आणि आईचा काय संबंध? संबंध काही नव्हता, तो आम्ही जोडला, मी आणि दादाने. दोघांचेही केस पांढरे झालेत, अक्कल मात्र यायची राहिली आहे.

आमच्या घरात भांडण मिटवायची एकच रीत, पैज. ही बाबांनी लावलेली. लहानपणी मी आणि दादा एकमेकांच्या झिंज्या उपटायला लागलो की बाबा ओरडायचे, "तोंडं बंद! पैज लावा, तपासून बघा, हरेल त्याने मुकाट ऐकायचं." खिडकीजवळची जागा कोणाची, काच कोणी फोडली, शेजारचं कुत्रं कोणाला जास्त ओळखतं, सगळं पैजेवर. आणि हरलेल्याने रडायचं नाही, हा दुसरा नियम. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, पण आमची खोड काही गेली नाही.

तर झालं असं की, फोनवर दादाशी माझं कडाक्याचं भांडण झालं. दादा लिफ्ट तपासण्याचं काम करतो. इमारतीत जायचं, लिफ्टची तार न् तार बघायची आणि ती सुरक्षित आहे की नाही यावर सही करायची. त्यामुळे त्याला सगळ्या जगातच काहीतरी तुटायला आलेलं दिसतं. म्हणाला, "आई एकटी राहू शकत नाही आता. किती वाळलीये बघितलंस का? दाराला किल्ली तशीच लटकत असते. आणि ते मशीन! एक दिवसाआड फोन करते मला, पाणी कमी येतंय, कपडे निघत नाहीत. मशीनला काही झालेलं नाही, ती चुकीचं काहीतरी दाबते. नाचता येईना अंगण वाकडं."

माझं डोकंच फिरलं. नाकाच्या शेंड्यावर राग ठेवून फिरते मी. बाबा मला ठिणगी म्हणायचे ते काही कौतुकाने नव्हे.

"आई धडधाकट आहे," मी म्हटलं. "मशीन जुनं झालंय, तेच बिघडलंय. आणि विसरण्याचं म्हणशील तर लग्नाचा वाढदिवस तूही विसरतोस, मग वहिनीने तुला ठेवायचं का संस्थेत?"

"विषय बदलू नकोस. मशीन ठीक आहे."

"बिघडलंय!"

"ठीक आहे."

"लाव पैज!"

उचलली जीभ लावली टाळ्याला.  दादा म्हणाला, "लागली. बिघडलेलं निघालं तर मी संस्थेचं नाव काढणार नाही. ठीक निघालं तर सोमवारी संस्थेत बघून ठेवलेल्या खोलीला हो म्हणून आईला न्यायचं, आणि तू मध्ये यायचं नाहीस." मी हो म्हटलं. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

तुम्ही म्हणाल, मग आईला स्वतःकडे का नाही नेलं? अहो, घसा कोरडा पडला माझा सांगून सांगून. माझं घर काही राजवाडा नाही, पण एक खोली रिकामी आहे, नवरा माणसासारखा माणूस आहे, आणि मी दातांच्या डॉक्टरांकडे स्वागतकक्षात बसते, दुपारी जेवायला घरी येते. पण आईचं एकच, "घर सोडून कशी येऊ गं मी?" दादालाही तिने हेच सांगितलं. एकदा तर मी तिची बॅग भरली, खाली आणली, गाडीत बसवली. मी पुढे बसेपर्यंत बाई दार उघडून परत जिन्यावर. "नाही जमायचं" एवढंच म्हणाली. म्हातारपणाचा हट्ट, दुसरं काय, असं आम्ही धरून चाललो होतो.

संस्था मी पाहिली होती. जागा वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. स्वच्छ, उजेड भरपूर, बायका प्रेमाने बोलणाऱ्या. पण दिवाणखान्यात एक आजी बसल्या होत्या, दाराकडे तोंड करून. आम्ही आत शिरलो तेव्हा त्या अर्धवट उठल्या, आमचे चेहरे पाहिले आणि परत बसल्या.  त्या खुर्चीत मला आई दिसायला लागली.

म्हणून त्या शनिवारी, दादा मशीन तपासायला यायच्या आधी, मी येऊन धडकले. शनिवारी सकाळी शेजारच्या काकू आईला बागेत फिरायला नेतात, म्हणजे घर रिकामं. माझ्याकडे किल्ली होतीच. आत शिरल्याशिरल्या दोरीवरचे कपडे पाहिले. चादरी पापडासारख्या कडक झालेल्या, घड्यांमध्ये साबणाची पावडर तशीच पांढरी. आईच्या हातांवर लाल चट्टे उठले होते ते यामुळेच. असल्या चादरींवर झोपायचं म्हणजे अंग खाजणारच. मला आनंद झाला. म्हटलं, बघ दादा, बघ, हे काय चुकीचं बटण दाबून होतं?

मशीन स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्यामधल्या बोळात आहे, बाथरूमच्या भिंतीला चिकटून. मी बाह्या वर केल्या. मोबाईलवर वाचून आले होते, मशीनमध्ये पाणी कमी का भरतं. कारणं भरपूर होती, माझी आशा प्रत्येकावर.

आधी नळ. भिंतीत मशीनच्या मागे आहे तो. हात घालून फिरवून पाहिला, पूर्ण सोडलेला. बरं. मग पाइप कुठे मुडपलाय का? मशीन धरून पुढे ओढलं, कंबरेतून कळ निघाली, पण पाइप सरळच्या सरळ. मग जाळी. पाइप जिथे मशीनला जोडतात तिथे आत एक बारीक जाळी असते, तिच्यात गाळ अडकला की पाणी येत नाही. म्हटलं, घोडं इथेच पेंड खातंय. नळ बंद केला, पकडीने पाइप सोडवला, जाळी ओढून काढली. चिमूटभर वाळू. चिमूटभर! तेवढी तर माझ्या चपलेत असते. नीट धुतली आणि मनात जाळीला शिव्या दिल्या.

राहिला सांडपाण्याचा पाइप. त्याचं तोंड खाली पडलं की म्हणे आत भरलेलं पाणी सोबतच वाहून जातं, मशीन कधी भरतच नाही. तो पाहिला. आकड्यात छान अडकवलेला, उंचावर, पुस्तकात दाखवतात तसा.

सगळं परत जोडलं, नळ पूर्ण सोडला, दोन चादरी आत टाकल्या आणि बटण दाबलं.

पाणी आलं. धो धो आलं. असं की बोळ सगळा त्या आवाजाने भरून गेला. मी झाकणाच्या काचेतून बघत होते आणि पाणी चढत होतं, चढत होतं, चादरी बुडल्या, फेस वर आला. एवढं पाणी भरलं की ते थांबून ड्रम फिरायला लागला आणि मी तिथेच फतकल मारून बसले. मशीनला काहीही झालं नव्हतं.

म्हणजे दादा खरा होता. म्हणजे आई. मी तिच्यासाठी भांडले होते, तिच्या डोक्याची खात्री दिली होती सगळ्यांना, आणि आता तिला तिच्या घरातून उचलून त्या खुर्चीत बसवणारी मीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ.  मी मशीनवर हाताने दोन थपडा मारल्या, जसं काही ते दादाचं डोकं होतं.

आणि मग मी ते केलं. ओट्यावर भांडी घासायचा स्पंज होता, हिरवा. त्याचा कोपरा कात्रीने कापला. मशीन थांबवलं, आतलं पाणी काढून टाकलं, नळ बंद करून पाइप परत सोडवला, तो तुकडा जाळीच्या तोंडाशी कोंबला आणि पाइप वर घट्ट बसवला. घाईत पकड दोनदा पायावर पडली. नळ सोडून परत चालू करून पाहिलं, पाणी अगदी बारीक धारेने येत होतं, म्हाताऱ्या माणसाने लघवी करावी तसं. बंद केलं. देवाने ऐकलं नाही म्हणून मीच हातभार लावला, झालं.

इतक्यात दार वाजलं. काकू आईला दारात सोडून गेल्या.

"अगं, कधी आलीस?" आईने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. हात थंडगार होते आणि कागदासारखे हलके. "किती घामेजलीस. बस, चहा टाकते. दादा येणार म्हणाला होतास ना? म्हणजे, म्हणाली होतीस ना?" आणि स्वतःच हसली. मीही हसले. असं कोणाचंही होतं, मी मनाला बजावलं.

आई स्वयंपाकघरात गेली आणि दादा आला. हातात हत्यारांची पेटी, खिशात छोटी बॅटरी, ऑफिसच्या कपड्यांत. सुटीच्या दिवशी! मला वाटलं आता गळ्यात ओळखपत्र घालून मशीनला नमस्कार करील.

"सुरू करू?" म्हणाला.

"कर की. मी पाहिलं नाहीये काही." हे सांगायची काय गरज होती? पण माझ्या जिभेला हाड नाही.

त्याने चालू केलं. पाणी हळूहळू, कुरकुरत यायला लागलं. मी विजयाने त्याच्याकडे पाहिलं.  तो वाकला, बॅटरी मारली, मागची फरशी पाहिली. फरशी ओली होती. पाइपच्या पेचावर पकडीचे ताजे ओरखडे होते. त्याने मशीन आणि नळ बंद केले, पाइप सोडवला, चिमटा आत घातला आणि तो हिरवा तुकडा बाहेर काढून तळहातावर ठेवला.

"हा पाण्यातून आला?"

"आला असेल. टाकीत काय काय असतं."

"ठिणगे." त्याचा आवाज अगदी हळू होता. "स्पंज ओट्यावर आहे. मी आत येतानाच पाहिला. कोपरा कापलेला आहे."

  मी पेटले. "हो, मी घातला! मीच! काय करशील? तुला तिला घालवायची घाई झाली आहे, मला नाही झाली. तुझं काय जातंय? सोमवारी सोडून येशील, सही करशील, घरी जाऊन शांत झोपशील."

"शांत झोपतो मी?" दादाने तो तुकडा मुठीत चुरला. "फोन वाजला की माझे हातपाय गार पडतात. ऑफिसात असो, जेवताना असो. प्रत्येक वेळी वाटतं, आता काकूंचा आवाज येणार आणि काकू म्हणणार, लवकर ये. तुला वाटतं मला हौस आहे? एक तार तुटलेली दिसली तर मी अख्खी लिफ्ट बंद करतो, लोक शिव्या घालतात. आईच्या आणखी किती तारा तुटायची वाट बघू, सांग ना. सांग, मी बघतो."

  त्याचे डोळे लाल झाले होते आणि मला ते आधी कधी दिसलेच नव्हते.

त्याने जाळी परत बसवली, पाइप आवळला, नळ पूर्ण सोडला आणि बटण दाबलं. पाणी धो धो आलं. आम्ही दोघं झाकणाच्या काचेतून बघत राहिलो, जत्रेतल्या मुलांसारखे डोकी एकत्र करून.

"मशीन ठीक आहे," दादा म्हणाला. जिंकला होता, पण आवाज पडलेला.

हरलेल्याने रडायचं नाही, हा नियम. मी रडले. तोंडावर ओढणी दाबून रडले, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. दादाने माझ्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पुसत, लगबगीने. आमच्या दोघांच्या मधून वाट काढली, ओठांवर बोट ठेवून आम्हाला गप्प केलं, मशीनच्या मागे सवयीने हात घातला आणि नळ फिरवला. न बघता. तो धो धो आवाज एकदम बारीक झाला, धागा उरला.

"आई, काय करतेस?" दादा म्हणाला.

"हळू बोल ना. हे अंघोळीला गेलेत." तिने बाथरूमच्या बंद दाराकडे मान उडवली. "इकडे नळ सोडला की तिकडे ह्यांना पाणी कमी पडतं. साबण डोळ्यांत जातो. एवढे मोठे झालात, अजून तुम्हाला सांगावं लागतं?"

आमच्या घरात दुसरी कुठली गोष्ट इतक्या वेळा ऐकलेली नाही आम्ही. इमारत जुनी, पाइप जुने, बाबा शॉवरखाली उभे राहिले आणि कोणी स्वयंपाकघरात नळ सोडला की आतून गर्जना व्हायची, "कोण आहे रे तो गाढव!" मग आई धावत येऊन नळ बंद करायची. बाथरूममध्ये पाण्याचा आवाज आला की घरातले बाकीचे नळ बंद. शाळेच्या प्रार्थनेसारखं पाठ होतं आम्हाला.

आणि आता मला सगळं एकदम कळलं, कळायला नको होतं तेवढं. मशीनचा पाइप बाथरूमच्याच भिंतीतून येतो. मशीनमध्ये पाणी भरायला लागलं की आवाज अगदी तसाच येतो, आत कोणीतरी अंघोळ करत असावं असा. मशीन लावलं की आईला बाबा ऐकू यायचे. ती धावत येऊन नळ बारीक करायची. मशीन बिचारं वाट बघून बघून ओरडायचं आणि थांबायचं. आवाज बंद झाला की आईला वाटायचं, झाली ह्यांची अंघोळ, आणि ती नळ होता तसा पूर्ण सोडून ठेवायची. मग कपडे काढायची तर ते अर्धवट भिजलेले, साबणासकट. मग दादाला फोन, पाणी कमी येतंय रे. तिने चुकीचं बटण एकदाही दाबलं नव्हतं.

आईने बाथरूमच्या दाराशी कान नेला. "अहो, चहा ओतलाय. गार होईल." थोडी थांबली. मग आमच्याकडे वळून जराशा तक्रारीने म्हणाली, "हल्ली फार वेळ लावतात. जेवायला थांबावं तर दुपार टळून जाते."

"आणि मग तू जेवत नाहीस?" मी विचारलं.

"येतीलच ना आता. एकटीने काय जेवायचं?"

मी स्वयंपाकघरात डोकावले. ओट्यावर चार कप. चौथ्यावर बशी झाकलेली.

दादा हत्यारांच्या पेटीवर मटकन बसला. मोठा माणूस, पांढऱ्या केसांचा, दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. आई मशीनचा धागाभर आवाज ऐकत उभी होती, तिचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. दादा माझ्याकडे न बघता पुटपुटला, "मी सोमवारी नाही सांगतो त्यांना. राहू दे तिला इथेच. तिथे नेऊन काय करू? इथे निदान बाबा आहेत तिला."

"वेड लागलंय का तुला?" मी दबक्या आवाजात म्हटलं. "उपाशी मरेल ती. ह्या घरात एकटी राहिली तर वाट बघून बघून मरेल." आणि म्हणता म्हणता मलाच ऐकू आलं मी काय बोलतेय ते. आठवडाभर ज्याच्यासाठी भांडले त्यालाच मी आता माझ्या तोंडाने नाही म्हणत होते, आणि दादा हो म्हणत होता. काय करायचं कोणालाच कळत नव्हतं. तिला इथे ठेवणंही मरण आणि इथून नेणंही मरण. मला वाटलं, आपण तिघं इथे बोळातच बसून राहावं, कोणी कुठे जाऊच नये.

"आई," मी तिच्याजवळ गेले. "म्हणून तू माझ्याकडे येत नव्हतीस? त्या दिवशी गाडीतून उतरलीस, ते?"

"मग?" आईला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "ह्यांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावू? हे बाहेर आले आणि घरात माणूस नाही, असं चालेल का गं?"

दादा उठला. चेहरा कसातरीच झाला होता. त्याने सरळ जाऊन बाथरूमच्या दाराच्या कडीला हात घातला. "उघडतो. बघू दे तिला. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

मी आईकडे पाहिलं. ती दाराकडे बघत होती, आणि हसत होती. दार उघडतंय म्हणजे हे येताहेत, असं. तिने केसांवरून हात फिरवला, पदर सारखा करावा तशी अंगावरची शाल सारखी केली. बाबा गेले त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बाहेर आले तेव्हाही तिने आधी शालच सारखी केली होती. मला ते परत बघायचं नव्हतं. कोणी मला मारून टाकलं असतं तरी मला ते परत बघायचं नव्हतं.

मी दादाचं मनगट धरलं. आणि नेहमीप्रमाणे माझी जीभ माझ्या पुढे धावली.

"आई, बाबा आत नाहीत. माझ्याकडे गेलेत."

दादाने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

"तुझ्याकडे?" आई म्हणाली.

"हो. इथे पाणी कमी येतं म्हणाले. तुझ्याकडे जाऊन करतो अंघोळ म्हणाले. मी निघाले तेव्हा ते तिकडेच होते."

आईने मशीनकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  मला वाटलं आता तिला आठवणार. सगळं आठवणार, आणि ते मी खोटं बोलल्यामुळे आठवणार.

"तुझ्याकडे बरं येतं का पाणी?"

"धो धो येतं."

"मग सकाळपासून सांगायला काय झालं होतं तुला?" आई कडाडली. ठिणगी उगाच नाही झाले मी, घेतलंय तिच्याकडूनच. "इथे मी चहा झाकून ठेवतेय, दाराशी उभी राहतेय, आणि हे तिकडे! बापाला काही खायला तरी दिलंस का? नसेलच दिलं. दादा, उभा काय राहिलास खांबासारखा, माळ्यावरची पिशवी काढ. ह्यांचा टॉवेल घ्यायला हवा, दुसऱ्याचा चालत नाही ह्यांना."

दादाने आयुष्यात कधी एका लिफ्टलासुद्धा खोटी सही दिली नाही. तो स्टुलावर चढला आणि मुकाट्याने पिशवी काढली. आईने त्यात बाबांचा टॉवेल घातला, बनियन, कंगवा, स्वतःचे दोन कपडे, गोळ्या. भराभरा. इतकी चपळ मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. ओट्यावरचा चौथा कप तिने मोरीत ओतला आणि विसळून ठेवला. बत्त्या बंद केल्या, कुलूप स्वतः लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली दादाच्या हातात दिली.

मग जिना उतरायला लागली. आमच्या पुढे.

मी वरच्या पायरीवरच उभी होते. दादा माझ्या शेजारी, पिशवी छातीशी धरून.

"पोचल्यावर काय सांगशील?" त्याने विचारलं.

"माहीत नाही." मला परत रडू यायला लागलं. "मला काहीच माहीत नाही, दादा. मी काय करून बसले?"

खालून आईचा आवाज आला. "चला गं लवकर! खोळंबले असतील हे."

दादाने माझ्या पर्समधून मोबाईल काढला आणि माझ्या हातात दिला. "घरी फोन कर," तो म्हणाला. "शॉवर सोडून ठेवायला सांग. जेवायला तिच्या समोर तू बसशील, मी रोज संध्याकाळी येईन, बाकीचं मग बघू. आधी शॉवर सोडायला सांग."

मी नवऱ्याला फोन लावला. म्हटलं, "आता काही विचारू नका. बाथरूममध्ये जा, शॉवर पूर्ण सोडा, आणि बाहेरून दार लावून घ्या. आम्ही येतोय."